पेट्रोल बदललं, व्हॅन तीच

पाकणीला पेट्रोल येतं पाइपलाइनने आणि इथेनॉल येतं टँकरने. सोलापूरहून मोहोळकडे जाताना लागणाऱ्या या गावच्या तेल डेपोत हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन संपते. इथेनॉलला पाइपलाइन चालत नाही. वाटेत मिळेल तेवढं पाणी ते पिऊन टाकतं. त्यामुळे दोघांची गाठ डेपोतच घालून दिली जाते आणि मग हे मिश्रण पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांत जातं. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागसारख्या गावात ते शेवटी कोणाकोणाच्या टाकीत उतरतं? नव्या मोटारसायकली असतात, काही नव्या गाड्या असतात आणि मधूनच एखादी वीस वर्षांची मारुती ओमनी येऊन उभी राहते. ती कारखान्यातून निघाली तेव्हा वीस टक्के इथेनॉल कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ही गाडी १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, १९८८ पासून ‘ओमनी’ झाली आणि २०१९ मध्ये बंद झाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, मागे सगळी मोकळी जागा. एरवी तिच्यात शाळेची पोरं, भाजीची कॅरेट, नाहीतर मंडपवाल्याचं सामान. यात्रा आली की मागची सीट निघते, गादी अंथरली जाते, शेगडी, छोटा सिलिंडर, पाण्याचे जार आणि पिठाचा डबा चढतो आणि गाडी पंढरपूरला किंवा तुळजापूरला निघते. अमेरिकेत फोर्ड आणि शेवरलेच्या मोठ्या पेट्रोल इंजिनांवर बांधलेली मोटारहोम चालतात. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण इथल्या तयार कॅराव्हॅन बहुतेक डिझेलवरच्या आहेत. पेट्रोलवर चालणारं चाकावरचं घर आपल्या भागात शोधायचं तर ते या ओमनीत आणि तिच्यामागून आलेल्या ईकोतच सापडेल. ते दिसायला मोटारहोम नसेल, पण दुखणी तीच आहेत.

दुखणी तीन. गाडी महिनोन्‌महिने उभी राहते आणि मग एकदम लांब पळते. पळते तेव्हा भरभक्कम भरलेली असते. आणि तिच्या पोटात आग पेटवण्याची सोय असते. या तिन्हींचा संबंध अंगठ्याएवढ्या, फार तर मुठीएवढ्या एका डबीशी येतो: पेट्रोल फिल्टर.

जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीत ही डबी बहुधा पारदर्शक प्लास्टिकची असते. आत राळेत भिजवून कडक केलेला कागद असतो, साडीच्या निऱ्यांसारखा दुमडलेला, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. पेट्रोल कागदातून पार जातं. गंज, वाळूचे कण, टाकीच्या रंगाचे पोपडे मागे राहतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. चांगला फिल्टर दहा मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवतो. टाकीतही एक जाळी असतेच, पण ती ढोबळ कचऱ्यासाठी.

कार्बोरेटरच्या गाडीत पंप यांत्रिक असतो. इंजिनच्या जोरावर त्यातला रबरी पडदा खालीवर होतो आणि चार-पाच पीएसआय इतका किरकोळ दाब तयार होतो. इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय गाडीत पंप विजेवर चालतो, टाकीतच बसलेला असतो आणि दाब तीन बारच्या घरात, म्हणजे जवळपास दहापट असतो. फिल्टर बदलताना सगळा फरक इथे पडतो. पहिल्या गाडीत पाइप उपसला तर पेट्रोल ठिबकतं. दुसऱ्या गाडीत दाब न काढता उपसला तर फवारा थेट तोंडावर येतो.

आता पेट्रोलकडे. इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग आपल्याकडे २००१ मध्ये सुरू झाला आणि तीन ठिकाणांपैकी दोन महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. २००३ पासून पाच टक्क्यांचा कार्यक्रम काही राज्यांत लागू झाला, पण बरीच वर्षं तो रखडतच चालला. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर पोचली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत वीस टक्क्यांच्या, म्हणजे ई-२० पेट्रोलचा प्रारंभ झाला आणि २०२५ मध्ये ते देशभर झालं. साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात अग्रभागी असलेल्या सोलापूर जिल्ह्याला याचं अप्रूप असणं साहजिक आहे. अकलूजचा सहकार महर्षी, पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे अशा कारखान्यांकडे स्वतःच्या आसवन्या आहेत. मात्र वैरागच्या पंपावरच्या इथेनॉलमध्ये माढ्या-माळशिरसचाच ऊस आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, ती पुढच्या हंगामासाठी उठवली. दरम्यान मका आणि इतर धान्यांचं इथेनॉल उसाच्या पुढे निघून गेलं. तरी ज्याच्या शेतात ऊस आणि दारात ओमनी आहे, त्याला हे गणित दोन्ही टोकांनी लागू होतं.

इथेनॉलने गाड्या खराब होतात, अशी ओरड दोन वर्षं चालली आहे. तीत तथ्य आहे, पण सांगितलं जातं तिथे नाही. ऊर्जेच्या हिशेबात इथेनॉल पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी पडतं, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट नोंदवलेली आहे. दुसरा प्रश्न रबराचा. जुन्या पाइपांचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, नरम पडतं, नंतर तडकतं. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं की जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. इंजिन बसण्याच्या गोष्टी मला मात्र अतिरंजित वाटतात. ओमनीच्या मालकाला जो फटका आधी बसतो तो वेगळाच आहे आणि तो फिल्टरमध्ये दिसतो.

इथेनॉल हा चांगला विद्रावक आहे. वीस वर्षांच्या पत्र्याच्या टाकीच्या भिंतींवर जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसलेला असतो, मेस्त्रींच्या भाषेत डिंक. त्यात गंजाचे कण रुतलेले असतात. साध्या पेट्रोलने या थराला वर्षानुवर्षं हात लावलेला नव्हता. इथेनॉल त्याला हळूहळू सोडवतं. जे भिंतीला चिकटून गपगार बसलं होतं ते तळाशी उतरतं, पंप ते ओढतो आणि सगळं येऊन फिल्टरच्या कागदावर थापलं जातं. म्हणजे इथेनॉलने कचरा केला नाही, जुना कचरा बाहेर काढला. मालकाला दोन्हीत फरक वाटत नाही, कारण गाडी बंद पडायची ती पडतेच. पण उपाय करताना फरक आहे: एक फिल्टर बदलून हे संपत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही. ते तळाशी थेंब होऊन पडून राहतं. इथेनॉल असलं की थोडं पाणी मिश्रणात सामावून जातं आणि इंजिनातून जळून निघूनही जातं. हे एका परीने चांगलंच. मर्यादा ओलांडली मात्र, की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी थर धरतात. पंपाचं तोंड तळाशीच असतं. मग गाडीला पेट्रोलऐवजी हे पाणचट मिश्रण मिळतं आणि फिल्टर बदलून काही उपयोग होत नाही. टाकी उपसावी लागते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन शेडमध्ये उभी राहिलेली गाडी यात हमखास सापडते. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार पडणाऱ्या टाकीत हवा आतबाहेर करते आणि येताना दमटपणा घेऊन येते.

गॅस किटवर चालणाऱ्या व्हॅनचं याहून वाईट. तिथे पेट्रोल फक्त सकाळी गाडी चालू करण्यापुरतं. शंभर-दोनशेचं टाकलेलं पेट्रोल टाकीच्या बुडाशी महिनोन्‌महिने पडून असतं, त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा डिंक होतो. ज्या दिवशी गॅस संपतो आणि पेट्रोलवर यावं लागतं, त्या दिवशी ती गाडी नेमकी भर रस्त्यात असते.

फिल्टर तुंबला हे ओळखायचं कसं? सपाट रस्त्यावर, कमी वेगात गाडी अगदी शहाण्यासारखी चालते. तिला मागायचंच थोडं असतं आणि तेवढं तुंबलेला कागदही देतो. तुळजापूरच्या घाटात, मागे सहा माणसं आणि भांडीकुंडी भरून ॲक्सिलरेटर दाबला की तिचं पितळ उघडं पडतं. पिकअप जातो, गाडी झटके खाते, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागतं. बाजूला घेऊन थोडं थांबलं की पुन्हा पळते आणि पुढच्या चढाला पुन्हा तेच.

इथे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने एक गोष्ट तपासून घ्यावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की कार्बोरेटरच्या गाडीत, त्यातही इंजिन सीटखाली कोंडलेल्या ओमनीत, पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होते. यांत्रिक पंपाला पातळ पदार्थ ओढता येतो, वाफ नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात आणि लक्षणं फसवी आहेत, कारण यातही गाडी थांबल्यावर ठीक होते. फरक असा की व्हेपर लॉक उन्हाला बांधलेला असतो आणि तुंबलेला फिल्टर चढाला. भर दुपारी गाडी बंद करून चहा घेतला आणि नंतर सेल्फ मारूनही ती सुरू होत नसेल, तर आधी वाफेचा संशय घ्यावा. पहाटेच्या गारव्यातही चढावर दम तोडत असेल तर फिल्टर बघावा. नुसत्या उन्हाच्या त्रासासाठी टाकी उतरवून बसलेले लोक कमी नाहीत.

आता काम. आधी आग. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. डिझेलच्या सवयीचे हात इथे चालत नाहीत. ट्रॅक्टरच्या डिझेल फिल्टरपाशी विडी ओढत काम करणारे मी पाहिले आहेत आणि त्यांचं निभावलंही आहे, कारण डिझेलला पेटायला खूप जास्त तापावं लागतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकते, खड्ड्यात साठते आणि दहा-बारा फुटांवरच्या ठिणगीपर्यंत जाऊन पोचते. म्हणून घर झालेल्या गाडीत पहिलं काम बाहेरचं नाही, आतलं: शेगडी विझवायची, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर लांब नेऊन ठेवायचा. समईसुद्धा पेटती नको. परदेशी मोटारहोममध्ये गॅसवरचा फ्रिज आणि पाणी तापवण्याचा बंब असतो, त्यांच्या बारीक ज्योती मालकाच्या लक्षातही राहत नाहीत. तिथले जाणते आधी त्या विझवतात. मग गाडी उघड्यावर, सावलीत, इंजिन थंड झाल्यावर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, कोरड्या पावडरचा लाल सिलिंडर हाताशी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी सोडवण्याआधी दाब काढावा लागतो. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा, गाडी चालू करायची आणि ती आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्यायची. मग एक-दोनदा सेल्फ. टाकीचं झाकणही उघडून पुन्हा लावायचं, म्हणजे टाकीतला कोंडलेला दाब जातो. इतकं करूनही पाइप उपसताना त्याच्याभोवती फडकं गुंडाळायचं.

फिल्टरवर बाण असतो. बाण इंजिनकडे. हे लिहिण्याचीही गरज वाटू नये, पण उलटा बसवलेला फिल्टर ही गॅरेजमधली रोजची गोष्ट आहे. तो काही दिवस चालतोही, म्हणून चूक लवकर सापडत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत दोन क्लिपा सैल केल्या की डबी हातात येते. क्लिप सरकवायची, पाइप आधी किंचित फिरवून सुटा करायचा, मग ओढायचा. सरळ हिसका मारला तर जुना पाइप तोंडाशी फाटतो. फाटला तर फाटू द्यावा, कारण तो नाहीतरी बदलायचाच होता. मात्र नवा घेताना पाण्याचा किंवा हवेचा पाइप मापात बसतो म्हणून घालू नये. इंधनासाठीचा, इथेनॉलला टिकणारा पाइप मागावा आणि इंजेक्शनच्या गाडीसाठी दाब सोसणारा, ज्यावर ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेलं असतं. धातूच्या डबीला नट असतील तर दोन पाने लागतात, एकाने डबीची बाजू धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला की नळी पिळवटते. काही डब्यांना अर्थिंगची बारीक वायर असते. वाहत्या पेट्रोलमुळे तयार होणारी स्थिर वीज उतरवण्यासाठी ती असते. उरलेला भाग समजून फेकून देऊ नये.

पुष्कळ नव्या गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत, पंपाला जोडलेला असतो आणि माहितीपुस्तिकेत तो कधी बदलायचा याचा उल्लेखच नसतो. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘लाइफटाइम’. कोणाचं लाइफ, हे विचारायचं राहून जातं. रोज वापरात असलेल्या गाडीला ते चालून जाईल. वर्षातले आठ महिने शेडमध्ये काढणाऱ्या गाडीने या शब्दावर विसंबू नये.

नवा फिल्टर बसला की लगेच गाडी सुरू करायची नाही. इंजेक्शनच्या गाडीत चावी ‘ऑन’ केली की पंप दोनेक सेकंद फिरून थांबतो. असं तीन-चारदा करायचं, लाइन भरू द्यायची आणि मग खाली वाकून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघायचा. ओल दिसली तर पुन्हा क्लिप. मगच सेल्फ. कार्बोरेटरच्या गाडीत डबी पेट्रोलने भरेपर्यंत थोडा जास्त वेळ सेल्फ मारावा लागतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

गॅरेजमधल्या दोन सवयींबद्दल मात्र बोललंच पाहिजे. एक, तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणं. घोट पोटात गेला तर जेवढं बिघडतं त्याहून फुप्फुसात गेलेला थेंब जास्त बिघडवतो. पेट्रोलने होणारा फुप्फुसदाह जिवावर बेततो. हातपंप स्वस्त मिळतो. दुसरी, पेट्रोलने हात धुणं. त्यात बेंझिन असतं. नियमाने ते एक टक्क्यापर्यंतच असलं तरी बेंझिन कर्करोगाला कारण ठरतं आणि त्वचेतून शरीरात जातं. पंधरा-सोळाव्या वर्षी कामाला लागलेला पोरगा दिवसातून दहा वेळा असे हात धुतो आणि त्याला कोणी काही सांगत नाही.

काढलेल्या फिल्टरकडे पाहण्याचा कंटाळा करू नये. आतलं पेट्रोल इंजिनच्या बाजूने नाही, टाकीच्या बाजूच्या तोंडाने स्वच्छ काचेच्या बरणीत ओतावं, कारण कचरा त्याच बाजूला अडकलेला असतो. बरणी थोडा वेळ हलवू नये. तांबूस भुकटी बसली तर टाकी आतून गंजते आहे. काळपट, चिकट, बोटांना तार सुटणारा गाळ असेल तर तो जुना डिंक, इथेनॉलने सोडवलेला. काळे मऊ तुकडे म्हणजे पाइपाचं रबर आतून सुटतं आहे. तळाशी वेगळा थर, ज्याच्यावर पेट्रोल तरंगताना स्पष्ट दिसतं, तो पाण्याचा. हे सगळं पाच मिनिटांत कळतं आणि पुढचा खर्च कुठे करायचा ते ठरतं. बहुतेक ठिकाणी जुना फिल्टर आधी टोपलीत जातो आणि मग गिऱ्हाईक विचारतं, ‘कचरा होता का?’ उत्तर नेहमी ‘लय होता’ असंच येतं.

पाणी निघालं तर संशय पंपावर जातो. तो जाणं चूक नाही, पण पंपावरच विचारायची सोय आहे. गिऱ्हाइकाने मागितला तर पंपावर फिल्टर पेपर द्यावा लागतो: नोझल पुसून कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा, तो उडून गेल्यावर डाग राहिला तर पेट्रोलमध्ये काहीतरी गडबड आहे. जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे का हे मोजपट्टीला लावलेल्या, रंग बदलणाऱ्या लेपाने तपासतात आणि तेही दाखवायला सांगता येतं. वैरागसारख्या गावात पंपवाल्याशी रोजचा राबता असतो, त्यामुळे लोक विचारायला संकोचतात. विचारावं.

डिंक किंवा गंज निघाला तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही. पत्र्याची टाकी धुतल्यावर पूर्ण वाळवून घ्यावी लागते आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग तर कोणाच्याही सांगण्यावरून करू नये; भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची. धुऊन लावल्यावरही कोपऱ्यांतला उरलासुरला थर पुढच्या एक-दोन टाक्या पेट्रोलपर्यंत सुटत राहतो आणि नवा फिल्टर पुन्हा भरतो. म्हणून आषाढीआधी टाकी धुतली असेल तर फिल्टर घेताना दोन घ्यावेत. एक बसवायचा, दुसरा पाना आणि पकडीसोबत गाडीत ठेवायचा आणि परत आल्यावर तो बदलूनच गाडी शेडमध्ये लावायची, टाकी शक्य तितकी भरून.